चौथं नाव

माझ्या पेपरानं जग पालथं घातलंय. ब्राझीलमध्ये सोयाबीनचं पान पिवळं पडलं की तिथला शास्त्रज्ञ आधी माझा पेपर उघडतो, मग पानाकडे बघतो. थोडं वाढवून सांगतोय, पण फार नाही. दुसऱ्यानं आपल्या लेखात तुमच्या लेखाचा दाखला दिला की त्याला सायटेशन म्हणतात, आणि या एका पेपराला मिळालेली सायटेशनं रचली तर आमच्या कॉलेजची पडकी भिंत बांधून वर विटा उरतील. फक्त दाखल्यात पहिलं नाव तेवढं लिहायची रीत आहे. बाकीच्यांना ‘आणि इतर’ म्हणतात. त्या इतरांत मी.

काम मात्र सगळं माझं. नांदेडला पीएचडी करत होतो तेव्हा विषाणूनं पिवळ्या पडलेल्या सोयाबीनची पानं गोळा करत हदगाव, बिलोली, किनवट असा एसटीनं फिरलो, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन. किनवटच्या गाडीतला एक कंडक्टर मला मासेविक्या समजायचा. शेवटी एकदा त्यानं भावच विचारला. इकडे लॅबमधलं पीसीआर मशीन, म्हणजे विषाणूच्या जनुकाच्या लाखो नकला काढणारी पेटी, तासन्‌तास चालायचं आणि नकला होत आल्या की लाईट जायची. त्या मशीनला मी इतक्या शिव्या घातल्यात की कान असते तर ते राजीनामा देऊन गेलं असतं. पण अखेर विषाणूच्या जनुकात एक तुकडा सापडला, जो तोवर कुणीच नोंदवला नव्हता.

पेपर लिहिला आणि नावं घालायची वेळ आली. आमच्याकडे पेपरावर नावं लग्नपत्रिकेसारखी घालतात, वडीलधारे आधी. मीही तशीच टाईप केली. पहिलं माझ्या गाईडसरांचं. दुसरं सरांच्या निवृत्त गाईडचं, ज्यांचं संशोधन तेव्हा स्वतःच्या बीपीपुरतं उरलं होतं. तिसरं विभागप्रमुखांचं. चौथं माझं. पाचवं स्टोअर सांभाळणाऱ्या बाबूंचं, कारण त्यांनी कपाट उघडल्याशिवाय केमिकलचा थेंब बाहेर येत नसे.

आता जगाची रीत अशी, की पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. त्यामुळे परदेशातून ‘आदरणीय प्राध्यापक’ अशा मायन्याची पत्रं येऊ लागली ती स्टोअरच्या बाबूंना. ते मला बोलावून उत्तरं लिहून घ्यायचे आणि मध्येच विचारायचे, आपण नेमकं शोधलं तरी काय. चौथं नाव म्हणजे जगाच्या लेखी चहा आणून देणारा.

पुढे लातूरच्या एका कॉलेजात लागलो. तिथंही दोन पेपर लिहिले, पहिलं नाव माझंच. त्यांचा दाखला देणारा जगात एकच माणूस आहे, तोही मीच.

गेल्या वर्षी नांदेडला प्रोफेसरची जागा निघाली. वय बघता ही शेवटची संधी. अर्जात रकानाच होता, पहिलं नाव असलेले किंवा लॅबप्रमुख म्हणून लिहिलेले पेपर. माझा जगप्रसिद्ध पेपर दोन्हीत बसेना. मुलाखतीला गेलो तर समितीत तज्ज्ञ म्हणून आमचे सरच बसलेले. जीव भांड्यात पडला. बाहेरून आलेल्या एका मॅडमनी तो पेपर काढून विचारलं, यात तुमचं काम कोणतं? मी म्हटलं, सगळंच. मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पोरगा मेहनती आहे,” ते म्हणाले.

पोरग्याच्या खिशात तेव्हा शुगरच्या गोळ्या होत्या. निकाल पंधरा दिवसांनी लागला. माझा त्या वाक्यातच लागला होता.

म्हणून मुलाखतीच्या दिवशीच कॅन्टीनवर चहा पिणाऱ्या सरांना मी गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, “सर, अजून एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं?”

सरांनी बशीत चहा ओतला. “मी तुला म्हणलं होतं का न्हाई, पहिलं नाव तुझं टाक म्हणून?”

“म्हणला होता.”

“किती डाव?”

“दोन डाव.”

“मंग? तूच म्हणलास, सर, तुमच्या आधी माझं नाव शोभत न्हाई. आता चार लोकांपुढं मी काय सांगू, माझा पेपर माझा न्हाई? पुढल्या वर्षी रिटायर होऊन राहिलो बाबा. सगळी उमर त्या एका पेपरावर उभी हाय माझी.”

हे दोन डावांचं मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हालाही मघाशी गुंगारा दिला. आणि तो नुसता आदर नव्हता. माझा प्रबंध त्यांच्या सहीसाठी अडून होता, आणि पहिल्या नावाचा हार घातला की सही लवकर होईल एवढं गणित मला येत होतं. सही त्याच आठवड्यात झाली.

सर उठले. मी वाकून पाया पडलो. “खुश राहा,” म्हणाले आणि लातूरची गाडी किती वाजता आहे ते आपुलकीनं विचारलं.

गाडी लोह्याच्या पुढे गेली तेव्हा बायकोचा फोन आला. सर काय म्हणले हो, तिनं विचारलं.

म्हटलं, पेपर खाऊन बसलेला माणूस, तो काय म्हणणार.