क्लिकांचा आहेर

माझ्या ब्लॉगवर पहिली जाहिरात झळकली, तेव्हा तिच्यावर पहिलं बोट ठेवलं ते माझ्या थोरल्या काकूनं, हदगावात, सोयाबीनच्या राशीवर बसून. जाहिरात ट्रॅक्टरच्या टायरची आणि माझा ब्लॉग ब्लाउजच्या गळ्यांचा. काकूला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

ब्लॉग सुरू केला तो लग्न होऊन लातूरला आल्यावर. मी घरीच ब्लाउज शिवते. मागच्या गळ्याचे जेवढे प्रकार मी कापलेत, तेवढे आकार आभाळातल्या ढगांनी घेतले नसतील. एकदा वाटलं, हे लिहून ठेवावं. फोटो काढले, मापं लिहिली, आणि बघता बघता गळ्यांवर चाळीस लेख झाले. वाचायला कोण येत होतं देव जाणे, पण येत होतं. मग जाहिरातवाल्या कंपनीकडं अर्ज केला, तो मंजूर झाला. नियम असा की शंभर डॉलर जमले की पैसे बँकेत. मला त्या पैशातून पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. नवरा घेऊन द्यायला तयार होता. मीच नको म्हणाले. हे मशीन माझ्या कमाईचंच यायला पाहिजे, असं मनात पक्कं बसलं होतं.

चूक एवढीच झाली की हे मी आईला फोनवर सांगितलं. "लोकांनी जाहिरात दाबली की मला पैसे मिळतात," एवढं एकच वाक्य. सकाळी बोलले, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत हदगावपासून नायगावपर्यंत सगळ्या भावकीला पाठ झालं. लेकीला रिकाम्या हातानं परत पाठवायची आमच्यात रीत नाही, आणि एवढा स्वस्त आहेर कुणाच्या बापजन्मी निघाला नव्हता. माणसं पेटली. मामा आडतीवर मालाचा काटा होईपर्यंत दाबायचा. एका चुलतभावानं साखरपुड्यात माइकवरून सांगितलं, की जेवून जाताना सर्वांनी ताईची जाहिरात दाबूनच जावं.

"आज शंभर येळा दाबलं बघ," काकू फोनवर सांगायची. "अंगठा सुजला."

"काकू, एवढं कशाला?"

"मंग? दिवाळीला तुला साडी झाली न्हाई. तिची भरपाई करून राहिले."

हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. "माहेरची माणसं एवढं करतेत, मंग आम्ही काय हात बांधून बसलोत?" असं म्हणून त्यांनी किल्लारीला दिलेल्या माझ्या नणंदेला फोन लावला. नणंदेनं तिथल्या बचत गटाला कामाला लावलं. एका आठवड्यात माझ्या खात्यावर एक्याण्णव डॉलर दिसायला लागले. माझ्या ब्लॉगवर जेवढी बोटं पडली, तेवढ्या चांदण्या अवसेच्या रात्रीही दिसत नसतील.

आणि कंपनीचं पत्र आलं. जाहिरातींवर खोटे क्लिक होत आहेत, म्हणून जाहिराती कमी करत आहोत. थांबलं नाही तर खातं कायमचं बंद. खोट्या क्लिकांचे पैसे कापून एक्याण्णवचे अकरा झाले.

मी रडवेली होऊन कोपऱ्यावरच्या लेस-बटणवाल्या चाचांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बेटी, मैं दुकान में झूठे गिऱ्हाईक खडे करूँ, तो माल देनेवाला क्या बोलेगा?" ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "मैं भी पाँच-छे बार दबाया. माफ करना."

चाचा शहाणे, लगेच थांबले. नातेवाइकांचं तसं नव्हतं. आहेर नको म्हणणारा माणूस आमच्याकडं आगाऊ ठरतो. जाहिराती कमी झाल्या तशी काकू ब्लॉग दिवसभर खालीवर करून एखादी सापडतेय का बघायची, विहिरीत पडलेली बादली शोधावी तशी. दाबू नको म्हणाले तर गाल फुगले. "आमचं बोट बी नको झालं का? लई लातूरची झालीस." इकडं आत्याबाई म्हणाल्या, "माहेरचं गोड लागतं, आमचं तेवढं टोचतं." दोघी रुसल्या आणि रुसून दुप्पट दाबायला लागल्या.

तेव्हा मी आयुष्यातली सगळ्यात सुबक थाप शिवली. काकूला फोन केला. "काकू, एक गडबड झाली. तू दाबलेल्याचे पैसे माझ्या सासूच्या खात्यात जाऊन राहिले."

काकूनं फोन तसाच राशीवर टाकला, मला नुसत्या चिमण्या ऐकू आल्या.

मग चहा घेऊन आत्याबाईंकडं गेले. "आत्याबाई, तुम्ही दाबलेल्याचे पैसे माझ्या माहेरी जायलेत."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "किती गेले?" एवढंच विचारलं.

संध्याकाळपर्यंत दोन जिल्ह्यांतली बोटं थंडावली. पुढचा महिनाभर मी देव पाण्यात ठेवले. मग जाहिराती हळूहळू परत आल्या, आणि दाबणारी माणसं अनोळखी होती, ज्यांना माझ्या दिवाळीच्या साडीची काही पडली नव्हती. शंभर व्हायला सहा महिने लागले. पण झाले.

मशीन आलं त्या दिवशी पूजेला दोन्हीकडची मंडळी जमली. काकू नेमकी आत्याबाईंच्या शेजारी बसली. मी नारळ फोडत होते.

"विहीणबाई, राग मानू नका," काकू म्हणाली. "तुमचे पैसे आम्हीच बंद केले."

"आमचे कुठले? तुमचे बंद केले आम्ही."

दोघी थांबल्या. आधी एकमेकींकडं बघितलं, मग माझ्याकडं. नारळ हातात तसाच राहिला. आधी आत्याबाईंचं पोट हलायला लागलं, मग काकूचं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडून अशा हसल्या, की समईची ज्योत तीनदा विझता विझता राहिली.

हसून झाल्यावर काकूनं पदराच्या गाठीतून फोन काढला. आत्याबाईंनी चष्मा चढवला आणि त्याही पडद्यावर वाकल्या.

"दिसली बघा एक," काकू म्हणाली आणि अंगठा जाहिरातीवर आणून धरला. "आता खरं सांग, दाबू का?"

मी धावत जाऊन तिच्या त्या हातात पेढा कोंबला. आत्याबाईंचं बोट पुढं आलं, त्यांनाही दिला. तेवढ्यात काकूनं फोन दुसऱ्या हातात घेतला. त्या दिवशी पेढ्यांचा आख्खा डबा त्या दोघींतच संपला.