कानाझावात दोन सायकली

…तर त्या जपानी माणसानं दुसरीही सायकल बाहेर आणून रत्नाच्या पुढ्यात उभी केली, इथवर काल आलो होतो. आता पुढचं ऐका. काल जे लवकर उठून गेले, त्यांच्यासाठी मागचं थोडं परत सांगतो, त्यात माझंही काही बिघडत नाही.

रत्ना म्हणजे आमच्या कराडकडची पोर. आता पोर कसली, साठी ओलांडली तिनं. अमेरिकेत बॉथेलला असते. तिथल्या शाळेच्या कँटीनमध्ये गोऱ्या-काळ्या पोरांना जेवण वाढता वाढता रिटायर झाली. नवरा मनोहर पक्का पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, शब्द नीट तासून बोलणारा. आणि रत्नाच्या तोंडात गावाकडचं ‘हाय’. ‘आहे’ म्हणायचं तिथं ‘हाय’. लग्न झाल्यापासून मनोहर सांगतोय, “आहे म्हण, आहे.” त्याची बहीण मालिनी तर हसून सांगायची, ते जास्त लागायचं.

अमेरिकेत नवी आली तेव्हाची गंमत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “हाय!” रत्नाला वाटलं, घरात कुणी हाय का विचारतेय. ही म्हणाली, “हाय, घरातच हाय!” दोघी किती वेळ नुसत्या ‘हाय हाय’ करत उभ्या!

जपानचं खूळ कुठून आलं, तेही सांगतो. एकदा भारतात येताना विमान चुकलं आणि जपानात एक रात्र काढावी लागली. सकाळी बसच्या खिडकीतून तिनं काय पाहिलं, तर तिच्याच वयाच्या बायका सायकलवर भाजी घेऊन निघालेल्या, पुढच्या टोपलीतून कांद्याची पात बाहेर डोकावतेय. शेजारी मनोहर झोपलेला. हिचा जीव त्या पातीत अडकला. लहानपणी वडलांच्या मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून ती तिरकी तिरकी रानात जायची. अमेरिकेत गाडी आली आणि सायकल सुटली.

मनोहरला विचारलं, तर तो म्हणाला, “जपानला जाऊन काय कच्चा मासा खायचाय?” मग गेल्या वसंतात ती एकटीच गेली. कानाझावा म्हणून जुनं शहर आहे, दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं. एका म्हाताऱ्या बाईच्या दुकानातून तिनं सायकल भाड्यानं घेतली आणि निघाली. रस्ता डावीकडून! इतकी वर्षं उजवीकडून चालवून आखडलेले हात एका वळणात गावचे झाले. सामुराईंच्या गल्लीत मातीच्या पिवळसर भिंती बघून तर ती उतरलीच. हात लावून पाहिला. म्हणाली, “आमच्या गोठ्याची भिंत अशीच, पण हिला कुणीतरी राखलंय.”

घोटाळा झाला तो नदीच्या पुलापाशी. सायकल लावून ती जुन्या चहाघरांची गल्ली बघायला गेली. सायकली लावू नयेत अशी पाटी होती, पण जपानीत. परत आली तर सायकल गायब! उचलून नेलेल्या सायकली जिथं ठेवतात, तिथं लोकांनी तिला पोचवलं. तिथल्या माणसानं एका सायकलीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं.

रत्ना म्हणाली, “हीच हाय.”

आता जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. हे तिला कुठं ठाऊक! त्यानं शेजारच्या सायकलीवर बोट ठेवलं.

“नाही हो, ती कुणाची हाय कुणास ठाऊक!”

त्याला एवढ्यातला ‘हाय’ तेवढा ऐकू आला. आणली बाहेर. मग त्यानं बहुधा विचारलं, बाई, जपानी समजतं का? ही म्हणाली, “काय म्हणताय, काय हाय?” झालं! तो जो जपानीत सुरू झाला, तो थांबेना. शेवटी इंग्रजी येणारी एक मुलगी तिथं आली, तेव्हा उलगडा झाला, आणि सगळे एकमेकांना वाकून वाकून हसले. परदेशात पहिल्यांदा तिच्या ‘हाय’ला कुणी बरोबर म्हटलं होतं.

हा किस्सा तिनं परत आल्यावर बॉथेलच्या मराठी मंडळींत, भरल्या हॉलमध्ये माइकवर सांगितला. लोक पोट धरून हसले. आणि तिथंच ठिणगी पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरचीच तिघं. मालिनी फ्रीमाँटहून आलेली. पहिल्या घासालाच तिनं सुरुवात केली.

“वहिनी, सगळे हसत होते. दादा बिचारा मान खाली घालून बसला होता.”

“किश्श्याला हसत होते, वन्सं.”

“तुलाच हसत होते!” मनोहरनं ताट पुढं सरकवलं. “इतकी वर्षं सांगतोय, आहे म्हण. आणि तू ते माइकवर! सगळ्यांना कळलं, याची बायको अजून गावंढळ आहे.”

“गावंढळ तर होतेच की. बघून केली तुम्ही.”

“दादा, जाऊ दे यार,” मालिनी म्हणाली, पण डोळे चमकत होते. “तू ते सांग ना.”

मनोहर खाकरला. “ऑक्टोबरचं तुझं जपानचं तिकीट मी कॅन्सल केलंय.”

रत्नाच्या हातातला घास हातातच राहिला. पानगळीत त्या नद्यांच्या काठानं परत सायकल चालवायची, हे तिनं त्या दुकानातल्या म्हातारीला हाताच्या खुणांनी सांगितलं होतं. सगळा उन्हाळा ती त्याच आशेवर होती.

“कुणाला विचारून?”

“विचारायचं काय? तू एकटी जातेस, लोक मला विचारतात, घरात काही बिनसलंय का.”

“मग सांगायचं, बिनसलंय.”

मालिनीनं मध्ये तोंड घातलं. “असं काय करतेस वहिनी? आमच्या फ्रीमाँटच्या ग्रुपबरोबर चल. एसी बस, बरोबर स्वयंपाकाला महाराज, गरम पोळी-भाजी. सगळं शहर एका दिवसात कव्हर करतात.”

“शहर काय पातेलं हाय कव्हर करायला?”

“बघ! बघ, परत हाय!” मनोहर ओरडला.

रत्नानं हात धुतला, पदराला पुसला, फोन घेतला आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसली. एका बोटानं सावकाश काहीतरी दाबत राहिली.

“मी काय बोलतोय, ऐकतेस का?”

“ऐकतेय. खिडकी पाहिजे का कडेची सीट, विचारतंय हे.”

“तू परत बुक करतेयस? माझ्यासमोर?”

“तुमच्या मागं कॅन्सल केलंत तुम्ही. मी समोर करते.”

मनोहरचा चेहरा लाल झाला. खुर्ची मागं ढकलून तो उभा राहिला. “ठीक आहे! मग मीही येतो. बघतोच, एकटी कशी फिरतेस ते.”

“मीपण येते,” मालिनी म्हणाली. “बघू तरी काय एवढं सोनं लागलंय तिथं!”

रत्नानं शेवटचं बटण दाबलं, फोन टेबलावर ठेवला आणि दोघांकडे बघून म्हणाली, “या की दोघं. रस्ता काय माझ्या बापाचा नाही. पण ज्याची सायकल त्यानं मारायची, चढ आला तर उतरून ढकलायची, आणि कोण मागं राहिलं ते मी वळून बघणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.”