अण्णांच्या हॉलमधली हिरवी रेष

अण्णा भित्रे होते, आणि ते स्वतःच हे आधी सांगून टाकत. येलहंकाच्या जुन्या वस्तीतलं त्यांचं घर आम्ही भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा खोल्या दाखवायच्या सोडून त्यांनी आधी मला गॅसचा कॉक कसा बंद करायचा ते दाखवलं. म्हणाले, "मी भितो हं सगळ्याला. तुम्हाला चालत असलं तर या राहायला." आम्ही वरच्या मजल्यावर आलो. खाली अण्णा आणि अक्का. बंगळूरमध्ये पिढ्यान् पिढ्या काढलेलं मराठी कुटुंब. नवराबायको मराठीत भांडायला सुरुवात करत आणि रंगात आले की कन्नडमध्ये शिरत.

कुकरची शिट्टी होऊ लागली की अण्णा अंगणात जाऊन उभे राहत. वीज कडाडली की घरातले सगळे प्लग काढत. मला ऑफिसातून यायला उशीर झाला तर फोन ठरलेला, "कुठं आहात? स्वल्प लवकर निघा की." आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हसा. भीती असली म्हणजे माणूस वेळेवर घरी येतो."

हॉलमधल्या हिरव्या रेषेचा जन्मही भीतीतूनच झाला. स्वयंपाकघरात भिंतीवरची कपाटं बसवायची होती. सुतारानं ती वाकडी ठोकली आणि एखादं अक्काच्या डोक्यावर पडलं तर? म्हणून अण्णांनी लेसर लेव्हल, म्हणजे भिंतीवर उजेडाची सरळ रेष टाकणारं यंत्र, आणलं आणि ते धरायला एक उंच खांबही आणला. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, वरच्या टोकाला स्प्रिंग. जमिनीपासून छतापर्यंत लांबवून आवळला की ताठ उभा राही. त्यावरचं यंत्र आपलं आपण समतल होई आणि चारी भिंतींवर हिरवी रेष टाकी. कपाटं सरळ बसली. खरं तर तिथंच हे प्रकरण संपायचं.

पण शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मोठ्या इमारतीच्या तळघरासाठी खोदकाम सुरू झालं. जेसीबी आमच्या कुंपणापर्यंत आला. कपाटातल्या बश्या दिवसभर खुळखुळत राहायच्या. अण्णांनी खांब हॉलमध्ये उभा केला, चारी भिंतींवर रेषेवर पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि रोज सकाळी चहाच्या आधी रेष खुणेवर आहे का ते पाहू लागले. जन्मभराच्या नोकरीतून उभं राहिलेलं ते एकच घर होतं. सुनीताचे, माझ्या बायकोचे, दिवस भरत आले होते. मी वरवर अण्णांची थट्टा करायचो, पण ऑफिसला निघताना त्यांच्या दारातून विचारल्याशिवाय माझा पाय उचलत नसे. "अण्णा, रेष?" "जागेवर आहे, जावा." मग मला श्वास घेता यायचा.

एका सकाळी अण्णा ओरडतच जिना चढले. रेष खाली आली होती! सुनीताला धरून, अर्धी दाढी केलेला मी रस्त्यावर उभा राहिलो. अख्खी गल्ली जमली. मग अक्का हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, फरशी पुसताना तो खांब मीच काढला होता. परत लावला, तेव्हा यंत्र जरा खाली बसलं वाटतं." लोक हसून हसून बेजार झाले. खोदकामावरचा इंजिनियर म्हणाला, "अंकल, टेन्शन बेडा, टेन्शन घेऊ नका." त्यानंतर अण्णा गल्लीतून मान खाली घालून जात. पोरंटोरं मागून विचारत, "अण्णा, घर आहे ना जागेवर?"

म्हणूनच काही दिवसांनी आलेली ती दुसरी सकाळ मी विसरू शकत नाही. त्या दिवशी अण्णा ओरडले नाहीत. हळूच दार वाजवलं आणि म्हणाले, "स्वल्प खाली येता काय? माझे डोळे बरोबर बघत नाहीत बहुतेक." मी खाली गेलो. खोदकामाच्या बाजूच्या भिंतीवर रेष खुणेच्या वर होती. समोरच्या भिंतीवर खुणेच्या खाली. खांब हलला असता तर रेष सगळीकडे सारखीच सरकली असती. ही भिंत खचली होती, आणि तिच्याबरोबर खांबाखालची फरशीही थोडी. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "मी खांबाला हात लावला नाही."

इतक्या साध्या वाक्याची इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. "तुम्हीच सांगा आता, ओरडू काय?" अण्णांनी विचारलं. लोक परत हसतील, याचीही त्यांना भीती वाटत होती. मीच ओरडलो. सुनीताला जिन्यावरून कसं उतरवलं ते मला आठवत नाही. तिचा तळवा माझ्या तळव्यात घामानं निसटत होता एवढं आठवतं. दुपारी, पोलिसांनी गल्ली रिकामी केल्यावर, आमच्या डोळ्यांदेखत खिडकीपासून जोत्यापर्यंत भिंत उसवत गेली. कोणी हसलं नाही. पुढं ते घर पाडावंच लागलं. पाडताना अण्णा शेवटपर्यंत समोर उभे होते, आणि भिंत कोसळली तेव्हा बाकी सगळे दचकले, ते दचकले नाहीत.

अण्णा-अक्का सर्जापूर रोडला लेकीच्या फ्लॅटमध्ये गेले. आम्हाला मुलगी झाल्यावर तिला दाखवायला घेऊन गेलो. अण्णांनी तिला मांडीवर घेतलं, खूप बोलले, मोठ्यानं हसलेसुद्धा. मला बरं वाटलं. निघताना ते आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला खाली आले. रिक्षा पलीकडे उभी होती, मधून पाण्याचे टँकर सुसाट जात होते. अण्णा बोलत बोलत सरळ रस्त्यात उतरले. मी दंड धरून त्यांना मागं खेचलं. "अण्णा, टँकर!"

"येऊ दे की," ते शांतपणे म्हणाले. "आता कशाला भ्यायचं?"

बायको-मुलीला तिथंच थांबवून मी अण्णांना हाताला धरून गेटपर्यंत परत नेलं आणि वॉचमनला बजावलं, "यांना एकट्याला बाहेर सोडू नका." अण्णा शेजारीच उभे राहून ऐकत होते. त्यांना माझा रागसुद्धा आला नाही.