नावापुढचे दोन शब्द

आमच्या शेजारच्या काकी नारळ पोर्तुगीजमध्ये मोजायच्या. "उं, दोयश, त्रेश, क्वात्रु..." असं पुटपुटत एकेक नारळ ढिगातून बाजूला टाकायच्या. माडावरून उतरलेला पाडेली घाम पुसत समोर उभा असायचा. त्याला त्यातलं अक्षर कळत नसे, त्यामुळे बिचाऱ्याला हुज्जत घालायचीही सोय नव्हती. मी एकदा विचारलं, "काकी, मराठीत कित्याक मोजणस नाय?" तर म्हणाल्या, "मराठीत चुकतंय गो. आकडो ज्या भाशेत शिकलंय, तो त्याच भाशेत बसता."

काकींचं माहेर पेडण्यात, अगदी पोर्तुगीज शाळेच्या बाजूला. वडिलांनी हट्टाने मुलीला त्या शाळेत घातलं. तिची चौथी झाली आणि गोवा मुक्त झाला. मास्तर बोटीत बसून गेले आणि ही पोर पुढे लग्न होऊन आमच्या हळर्णला आली. इथे तिच्याशी पोर्तुगीज बोलणार कोण? बैल की भातशेती? साठ वर्षं ती भाषा काकींनी नारळांवर जपली. गावातल्या बायका पाठीमागे हसायच्या, आणि खरं सांगायचं तर लहानपणी मीही त्यांच्यात होते.

पुढे मला समुद्रविज्ञान शिकायला पोर्तुगालमध्ये प्रवेश मिळाला. शिकवणं इंग्रजीतून, पण भाजीवाल्याशी इंग्रजीत कसं बोलणार? पत्र आलं त्याच संध्याकाळी काकी आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. "फाल्यांसून माझ्याकडे येवचां," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जायच्या आधीच्या त्या चार महिन्यांत मी त्यांना जितकं आनंदात पाहिलं, तितकं कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकी, टेबल, खुर्ची, टॉवेल असं घरभर बोट फिरवलं. "जनेल, मेज, कदेल, तुवालो. ह्यां सगळां पोर्तुगीजच मां? अर्धी भाशा तुका आदीच येता. उगीच भियांव नको."

भाषेपेक्षा वळणावर त्यांचा भर जास्त. सगळ्यांत जास्त घोटून घेतलं ते नाव सांगणं. ताठ उभं राहायचं, पूर्ण नाव सांगायचं आणि पुढे मान किंचित लववून म्हणायचं, "सुआ क्रिआद." हे दोन शब्द राहिले की त्या मला परत उभं करायच्या. "नायतर म्हणतले, पोरीक वळण नाय." म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "नमस्कार केल्यासारखां."

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बाजारात मी पेर मागितला. आपल्याकडे पेर म्हणजे पेरू. तिथल्या बाईने माझ्या हातात नाशपाती ठेवली. फोनवर हे सांगितलं तेव्हा काकी इतक्या हसल्या की आईला त्यांची पाठ चोळावी लागली.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. वर्गात सगळ्यांनी आपापली ओळख पोर्तुगीजमध्ये करून द्यायची होती. मी ताठ उभी राहिले, नाव सांगितलं, मान लववली आणि म्हटलं, "सुआ क्रिआद." वर्गात हशा पिकला. शेजारच्या ब्राझिलियन मुलीने हळूच विचारलं, "तू स्वतःला मोलकरीण का म्हणालीस?" त्या शब्दाचा सरळ अर्थ तोच होता, तुमची चाकरीण. पुढे आठवडाभर एक मुलगा मला "क्रिआद, कॉफी!" अशी हाक मारत होता.

माझा राग त्या मुलावर निघायला हवा होता. तो निघाला काकींवर. आईने फोन त्यांच्या हातात दिला आणि मी सुरू झाले, "काकी, माका तू काय शिकयलंस ठावक आसा? त्या मास्तरान तुका चाकरीण केल्यान आणि तू माका!"

काकी म्हणाल्या, "बरा. जेवलंस मां?" आणि त्यांनी फोन आईला परत दिला.

त्यानंतर काकी फोनवर आल्या नाहीत. कधी पाठ दुखायची, कधी कुणी पाहुणे यायचे. एकदा आई सहज म्हणाली, "काकी आताशी नारळ मराठीत मोजता. सारखी चुकता. तू तिका काय बोललंस काय गो?" मी म्हटलं, काय नाय. साफ खोटं बोलले. माफी मागायला एक वाक्य पुरलं असतं, पण आपलंच खरं हा माझा ताठा आडवा आला.

वसंतात मी एका ऐंशी ओलांडलेल्या बाईंच्या घरी राहायला गेले. सगळे त्यांना दोना आमेलिया, म्हणजे आमेलियाबाई, म्हणत. एकदा जेवताना मी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला, पण त्या हसल्या नाहीत. त्यांचे वडील पोस्टात होते. ते प्रत्येकाला असंच नाव सांगायचे, अगदी दारात आलेल्या कोळणीलासुद्धा. "त्यात कुणी चाकर नसायचं," त्या म्हणाल्या. "ती माणसाने माणसाला दाखवलेली अदब होती. किती वर्षांनी ऐकले हे शब्द." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी ताट तसंच ठेवून आईला फोन लावला. काकींनी तोवर अंथरूण धरलं होतं. पायांवर सूज, बोलताना धाप. आईने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी आमेलियाबाईंचं सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, "काकी, माझा चुकला."

"तुझी ती म्हातारी खरा सांगता," काकी म्हणाल्या. "अर्थ माकाय ठावक होतो. पण गो, वर्गातली आमी सगळी भुरगी उठान मास्तराक तसां म्हणू. मास्तर आमका एकदाय फिरून तसां म्हणाक नाय." धाप लागली म्हणून त्या थांबल्या. "तू बोललंस तां चुकीचां नाय. माका वायट वाटलां, तां येगळां. आता खंय नाव सांगशीत तर नुसता नाव सांग. फुडे काय लाव नको."

त्या फोननंतर नवव्या दिवशी काकी गेल्या. माझी परीक्षा चालू होती. मला जाता आलं नाही. त्या दिवशी मी रडले ते दुःखाने, आणि त्याहून जास्त शरमेने. साठ वर्षं मनात जपलेली वस्तू मी त्यांच्या हातून हिसकावून घेतली, आणि वर त्यांनीच माझी समजूत काढली.

प्रबंध सादर करताना पहिल्या पानावर ऋणनिर्देश लिहायचा होता. लिहायला बसले आणि लक्षात आलं, मला काकींचं नावच माहीत नाही. आईला विचारलं. "सासरचां लक्ष्मी," आई म्हणाली. "पण शाळेत ती सुंदरी होती." मी त्या कोऱ्या पानावर 'सुंदरी' एवढंच लिहिलं.

मार्गदर्शक बाईंनी पान पाहून विचारलं, "या कोण? नावापुढे काहीतरी लिही. शिक्षिका, नातेवाईक, जे असेल ते."

"नको," मी म्हटलं. "नुसतं नाव राहू दे."