चौघांचं घड्याळ

मुकाशच्या घड्याळात वेळ सोडून बाकी सगळं दिसायचं. काचेवरचा आडवा चरा गँगमधल्या पनासच्या पहारीचा होता. आठाचा आकडा घामानं गेला होता. पट्टा घोड्याच्या कातड्याचा. मुकाशनं स्वतः कापला होता, त्यामुळे एका बाजूला जास्त रुंद. आणि वेळ जी काही दिसायची, ती मॉस्कोची.

जुन्या राज्यात सगळी रेल्वे मॉस्कोच्या घड्याळावर चालायची. इथे कझाकांच्या माळावर सूर्य डोक्यावर यायचा आणि रेल्वेच्या कागदात अजून सकाळच असायची. पुढे राज्य मोडलं, मॉस्को परदेशात गेली, रेल्वेनंही निमूटपणे काटे फिरवले. मुकाशनं नाही फिरवले. ज्यानं आयुष्यभर रुळाखाली खडी ठोकली त्याला कोणी विचारून वेळ बदलली नव्हती, मग त्यानं तरी का बदलावी?

"आमच्या घरात दोन वेळा आहेत," त्याची बायको बातिमा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "एक जेवणाची आणि एक यांच्या मनगटावरची. भूक लागली की मात्र माझीच खरी."

घड्याळ मिळालं त्याची कथा अशी. एका हिवाळ्यात वादळानं मार्ग गाडून टाकला. मुकाशच्या गँगमध्ये चौघे होते: तो, जर्मन विल्हेल्म, युक्रेनचा पनास आणि कोरियन तोल्या किम. या माळावर कोणी खुशीनं आलेलं नव्हतं, एकट्या मुकाशची तेवढी तक्रार करायची सोय नव्हती, कारण तो इथलाच. चौघांनी फावड्यांनी बर्फ उपसून मार्ग मोकळा केला. मालगाडी गेली. मग साहेब आला. बर्फ उपसायला लागला त्याहून जास्त वेळ त्याला भाषण संपवायला लागला असं पनासचं मत होतं. शेवटी त्यानं खिशातून बक्षीस काढलं. एक घड्याळ. चौघांना मिळून एक. सामूहिक श्रमाला सामूहिक बक्षीस, असं साहेब म्हणाला आणि स्वतःच्या हातावरच्या स्वतंत्र घड्याळात बघत निघून गेला.

गँगनं नियम केला. प्रत्येकानं एकेक महिना वापरायचं. पुढच्याच्या हातात देताना घड्याळ चालू पाहिजे. बंद घड्याळ देणाऱ्यानं एक दिवस बाकी तिघांच्या वाटची खडी एकट्यानं ठोकायची. पनास एकदा दारूच्या नादात चावी द्यायला विसरला. दिवसभर तो ठोकत होता आणि तिघे रुळावर बसून चहा पीत त्याच्या चुका काढत होते. कामगारांच्या त्या राज्यात कामगारांना एवढी निखळ विश्रांती पुन्हा कधी मिळाली नाही.

मग वाटेकरी कमी होत गेले. सीमा उघडल्या तसा विल्हेल्म जर्मनीला गेला. त्याच्या आईबापांना युद्धाच्या काळात सरकारनं गुरांच्या डब्यात कोंबून ज्या स्टेशनावर उतरवलं होतं, तिथूनच तो तिकीट काढून, खिडकीजवळ बसून गेला. प्रगती म्हणतात ती हीच असावी. महिना पुरा व्हायचा होता तरी त्यानं घड्याळ काढलं, चावी दिली, कानाला लावलं आणि खिडकीतून मुकाशच्या हातात ठेवलं. पनास गेला तेव्हा घड्याळ त्याच्याच हातावर होतं, आणि चालू होतं. जन्मात एकदा न चुकता नियम पाळला आणि लगेच मेला. तोल्या किमला त्याची मुलगी अल्माटीला घेऊन गेली. जाताना तो म्हणाला, "आता सगळे महिने तुझे. पण चावी चौघांची."

तोल्याचा अधूनमधून फोन यायचा. तब्येत विचारणं त्याला फालतू वाटायचं.

"चालतंय?"

"चालतंय."

झालं बोलणं. बातिमाला वाटायचं, एवढ्यासाठी माणसानं उपग्रह आकाशात सोडले.

तर अशा या घड्याळावर झांदोसची नजर पडली. झांदोस म्हणजे मुकाशच्या थोरल्या बहिणीचा, राइखानचा मुलगा. तालुक्याच्या गावी त्यानं 'जुने दिवस' नावाचं हॉटेल काढलं होतं. भिंतींवर लाल झेंडे, कोळशाच्या इस्त्र्या, गॅसचे मुखवटे. ते दिवस संपताना झांदोस पाळण्यात होता, त्यामुळे त्यांच्यावर त्याचं फार प्रेम होतं.

आता आमच्यात भाचा ही साधी गोष्ट नाही. भाच्याला मामाकडे आयुष्यात तीनदा हवं ते मागता येतं आणि मामाला नाही म्हणता येत नाही. भाचा आला म्हणण्यापेक्षा सात लांडगे आले म्हण, असं जाणते लोक म्हणतात. आणि ते जाणते सगळे कोणाचे तरी मामा असतात. झांदोसनं पहिल्यांदा शिंगरू मागितलं, ते विकलं. दुसऱ्यांदा बाजूगाडी असलेली मोटारसायकल मागितली, ती खांबावर घातली. एक मागणं शिल्लक होतं.

तो जेवायला येणार असं कळलं, तेव्हा बातिमा म्हणाली, "हातातलं काढा आणि पिठाच्या डब्यात टाका."

"मी काय चोर आहे लपवायला?"

"चोर नाही, मामा आहात. चोराला निदान पळता येतं."

मुकाशनं घड्याळ काढलं नाही. उलट बाही जरा वरच सरकवली. माणसाला स्वाभिमान कुठे दाखवावा हे कळत नाही, त्याचंच हे उदाहरण.

मेंढी कापली होती. परातीत मांसाचा आणि पिठाच्या रुंद चकत्यांचा ढीग होता. शेजारचा सादुआकास म्हातारा मुख्य जागी बसला होता. गावातला कुठलाही वाद तो जेवणानंतर मिटवायचा, म्हणून लोक वादही जेवणाच्या आसपासच काढायचे. झांदोसनं हात पुसले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, माझं तिसरं मागणं. ते घड्याळ."

परातीभोवतीचे हात थांबले.

"याची काच फुटकी आहे रे," मुकाश म्हणाला. "वेळही परक्या देशाची."

"म्हणूनच तर पाहिजे."

"कोकरू घे. दोन घे."

"मामा, मी काय खाटीक आहे?"

सगळे सादुआकासकडे बघू लागले. त्यानं हाडातला मगज आधी शोषून घेतला. न्यायाला घाई चालत नाही. मग म्हणाला, "मागितलंय. द्यावं लागतं."

मुकाशनं पट्टा सोडला. घड्याळाला शेवटपर्यंत चावी दिली, कानाला लावलं आणि भाच्यापुढे धरलं. "रोज सकाळी चावी द्यायची. तोंड धुण्याआधी."

"हो मामा, हो," झांदोस म्हणाला. मोटारसायकलच्या वेळीही तो असंच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मुकाशच्या मनगटावर कातडीचा फटफटीत पांढरा पट्टा तेवढा उरला. सकाळी उठला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसायचा. बातिमानं ते पाहिलं आणि त्याला कांदे सोलायला दिले. बोटं रिकामी असली की माणूस विचार करतो, आणि त्याला त्याची सवय नव्हती.

मग तोल्याचा फोन आला.

"चालतंय?"

मुकाशनं भिंतीकडे पाहिलं. "चालतंय," म्हणाला.

फोन ठेवला आणि टोपी डोक्यावर घातली. गँगमध्ये त्यानं मुकादमाला पुष्कळदा फसवलं होतं, त्याचं त्याला काही नव्हतं. ते कामातच धरलेलं असतं. पण तोल्याला नाही.

"कुठे निघालात?" बातिमानं विचारलं.

"चावी द्यायला."

तो तालुक्याच्या गाडीत बसला.

हॉटेलात घड्याळ दारासमोरच्या भिंतीवर होतं, काचेच्या चौकटीत, चार स्क्रूंनी बसवलेलं. मुकाश जवळ गेला. काटे उभे होते. किती दिवसांपासून, ते घड्याळालाच माहीत. खाली पितळी पाटी होती. मुकाशनं चष्मा लावला आणि वाचलं: माझे आजोबा सार्जंट तोक्तार यांनी युद्धात वापरलेलं घड्याळ. शत्रूची गोळी काचेला चाटून गेली.

त्यानं पुन्हा वाचलं. अक्षरं चांगली कोरली होती. कोरणाऱ्यानं मेहनत घेतली होती, हे त्याला मान्य होतं.

"अरे वा, मामा!" झांदोस आतून आला. "बसा, चहा घ्या. कसं दिसतंय?"

"बंद आहे."

"शोभेचं आहे ते. शोभेच्या घड्याळाला चालून काय करायचंय?"

"आणि हा तोक्तार कोण? तुझ्या बापाचा बाप? तो अख्खं युद्ध धान्याच्या गोदामात होता. तिथे त्याच्यावर उंदरांनी गोळ्या झाडल्या?"

"हळू बोला, गिऱ्हाइकं आहेत." झांदोसनं आवाज खाली आणला. "मामा, लोकांना जेवताना गोष्ट लागते. रुळाखाली खडी ठोकली, ही काय गोष्ट आहे? कोण वाचणार?"

मुकाशनं खिशातून चाकू काढला. दोन टेबलं एकदम उठून उभी राहिली. पण त्यानं चाकूचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं आणि फिरवू लागला. पहिला निघाला, दुसरा निघाला. तिसरा तिरका बसवलेला होता. एवढा वेळ शांत असलेला मुकाश तिथे भडकला.

"हा कोणी बसवला?"

"मीच."

"वाटलंच मला."

"मामा, तुम्ही दिलेली वस्तू परत घेताय? भाच्याला दिलेली? लोक काय म्हणतील?"

"भाच्याला मामाचं मागता येतं," चौथा स्क्रू काढत मुकाश म्हणाला. "हे मामाचं नव्हतंच. चौघांचं होतं. मी दुसऱ्यांचं उचलून तुला दिलं, ही माझी चूक. तुझ्या हक्काचं असं यात एवढंच आहे." त्यानं पट्टा सोडवला आणि रिकाम्या चौकटीत टांगला. "हा माझ्या एकट्याचा. घोडाही माझाच होता. हवं तर लिही, सेनापतीचा पट्टा."

त्यानं घड्याळाला चावी दिली, कानाला लावलं. हॉटेलातल्या निम्म्या लोकांनी फोन वर धरले होते. घड्याळानं थोडा विचार केला आणि चालू झालं.

दुसऱ्या दिवशी राइखान आली. दारातूनच सुरू झाली.

"मुकाश! भाच्याचं काढून घेणाऱ्याचे हात थरथरतात, माहीत आहे ना?"

मुकाशनं दोन्ही हात पुढे केले. ते चांगलेच थरथरत होते. "खडी ठोकायचं यंत्र आयुष्यभर धरलंय, ताई. शापाला जरा उशीर झाला."

"पोरगा रडवेला झालाय माझा!"

"पस्तिशीचं पोरगं," बातिमा चहा ओतत म्हणाली. "दात येत असतील."

"तू मध्ये बोलू नकोस. माझ्या सासरची अब्रू—"

"सासरचीच गोष्ट काढलीस म्हणून सांगतो," मुकाश म्हणाला आणि त्यानं पाटीवरचा मजकूर तिला शब्दन् शब्द ऐकवला.

राइखाननं चहाची वाटी खाली ठेवली. "कोणाचं घड्याळ?"

"सार्जंट तोक्तारचं."

"माझ्या सासऱ्याचं? उन्हानं पाय भाजेपर्यंत जो माणूस अंथरुणातून उठायचा नाही, त्याचं घड्याळ?" तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "युद्धानंतरही तो तिथेच चिकटला होता, आणि तीन हिवाळे त्याच्या गोदामाचा बर्फ मी उपसलाय! पोटात हाच पोरगा होता तेव्हासुद्धा! आणि हा त्याला युद्धावर पाठवतो?"

त्यानंतर ती पुष्कळ बोलली, पण त्यात मुकाश नव्हता. जाताना तिनं भावाच्या कपाळाचा मुका घेतला आणि मुलाला बघून घ्यायला निघून गेली.

तरी तिसरं मागणं शिल्लक राहिलंच. सादुआकासनं, अर्थातच जेवणानंतर, सांगितलं की पट्टा म्हणजे मागणं पुरं झालं असं धरता येत नाही. झांदोसनं मामाच्या स्वतःच्या मालकीचं काहीतरी मागावं. झांदोस दोन दिवसांनी आला. आईनं त्याची काय खरडपट्टी काढली होती कोण जाणे, पण नमस्कार फार खाली वाकून केला.

"मामा, त्या दिवशी लोकांनी फोनवर जे काढलं ना, ते सगळ्या तालुक्यानं पाहिलं. लोक येऊन विचारतात, तो चाकूवाला म्हातारा कुठे बसतो?"

"मग?"

"मग माझं मागणं असं की तुम्ही या. दर शनिवारी सकाळी. घड्याळ तुमच्याच हातात राहू दे. तिथे बसून चावी तेवढी द्यायची."

बातिमा इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "घ्या! घड्याळ वाचवलं आणि स्वतः टांगले गेलात!"

मुकाशला नकार द्यायला जागा नव्हती. शनिवार त्याच्या एकट्याचे होते, त्यात कोणाचा वाटा नव्हता.

"येईन. पण ती पाटी काढायची. नवी लावायची, चौघांच्या नावाची. आणि स्क्रू मी बसवणार."

"चालेल." झांदोसनं लगेच फोन काढला, लिहून घ्यायला. "सांगा. पूर्ण नावं सांगा."

"विल्हेल्म श्टुम्फ. तोल्या किम. माझं तुला माहीत आहे. आणि पनास."

"पनास काय? आडनाव?"

मुकाशनं पनासची पहार ओळखली असती. खोकला ओळखला असता, खडीवर पडणारा घाव दुरून ऐकून सांगितला असता की आज याची पाठ दुखतेय. त्याची शवपेटीसुद्धा याच खांद्यावरून गेली होती. आडनाव मात्र कधी लागलंच नव्हतं. मुकादम शिव्या द्यायचा तोही पहिल्या नावानंच.

"लिही, पनास."

"नुसतं पनास? बाकीच्यांच्या शेजारी बरं नाही दिसणार, मामा."

"तो दिसायला बरा नव्हताच," मुकाश म्हणाला. "लिही."