मामांचं शेवटचं अपील

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्यांच्या निकालांवर जगलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. कुरुंदवाडच्या व्यापारी घरातला हा मुलगा दुकानाच्या गादीवर बसायचं सोडून वकील झाला, मग न्यायाधीश झाला, बदल्या झेलत झेलत जिल्हा न्यायाधीश झाला आणि शेवटी मुंबईला उच्च न्यायालयात जाऊन बसला. या सगळ्या बढत्यांबद्दल मामींचं म्हणणं एवढंच, की "बदली व्हायची ह्यांची आणि लोणच्याच्या बरण्या फुटायच्या माझ्या." उच्च न्यायालयात मामांनी वर्षानुवर्षं अपिलंच ऐकली. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा पहिला निर्णय आपण घ्यायचा असतो, हे ते साफ विसरून गेले. आधी कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असावं, त्यावर कुणीतरी नाराज असावं आणि मगच ते आपल्यापुढे यावं, अशी त्यांची सृष्टीबद्दलची कल्पना होती.

निवृत्त होऊन कोल्हापुरात राहायला आल्यावर याचा पहिला फटका भाजीवालीला बसला. वांगी ताजी आहेत असं ती म्हणाली, तर मामांनी शेजारच्या भाजीवालीलाही विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" त्या दोघींची अशी जुंपली, की अर्धी मंडई बघायला गोळा झाली, आणि मामा निकाल राखून ठेवून रिकाम्या पिशवीनं घरी आले. मिसळ खायला गेलो की ते वेटरला तिखट किती आहे ते विचारत, आणि मग पलीकडच्या टेबलावर घाम पुसत बसलेल्या अनोळखी माणसाकडे वळून म्हणत, "पावणं, आपली साक्ष काय?" घरात मात्र प्रश्न नव्हता. घरात मामी हे खालचं कोर्ट. पडद्यांचा रंग असो की रात्रीची आमटी, मामी ठरवत आणि मामा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "खालच्या कोर्टाच्या निकालात हस्तक्षेप करायला आम्हाला कारण दिसत नाही." कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा मात्र ते जरा हिरमुसले. "आयुष्यभर आम्ही मुंबईला गेलो, जावईबापू. आता कोर्ट दारात आलं आणि आम्ही सोफ्यावर."

अशाच एका सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. दारात पटका बांधलेला एक म्हातारा उभा राहिला.

"साहेब, वळखलं न्हाईसा? मलकापूरचा हाय मी. हिरीच्या भांडणात माजं अपील फेटाळलंतासा."

पक्षकार असा घरी येतो, ही कल्पनाच मामांना सहन होईना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पोलिसांना बोलवावं. मामींनी मात्र म्हाताऱ्याला बसवलं आणि पाणी दिलं.

"निकाल बरोबर व्हता साहेब," तो म्हणाला. "हीर धाकट्याचीच. पर त्या दिसापास्नं आमा भावाभावांचं बोलणं बंद हाय. आता आठ दिसांनी त्याच्या पोरीचं लगीन हाय. माज्या खांद्यावर वाढलेली पोर ती. मला सांगावा न्हाय, काय न्हाय. ह्याचं अपील कुटं करायचं, तेवढं सांगा."

मामांनी घसा साफ केला. "हे आमच्या अधिकारकक्षेत येत नाही."

"मग कुणाच्या येतंय?" स्वयंपाकघराच्या दारातून मामींनी विचारलं.

मामा उठले आणि चपला शोधू लागले.

गाडी मी चालवत होतो. मलकापूर येईपर्यंत मामा मागच्या सीटवर म्हाताऱ्यापासून शक्य तितके दूर बसले होते, कारण दुसरा पक्षकार हजर नसताना एकाशीच बोलणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. धाकट्या भावाच्या अंगणात मांडवाची मेढी रोवायचं काम चाललं होतं. थोरला गाडीतच बसून राहिला. धाकट्यानं मामांना लगेच ओळखलं आणि त्याचा चेहरा कडक झाला.

"निकाल माज्या बाजूनं दिलासा साहेब. आता फिरवाया आलासा व्हय?"

"नाही, नाही. निकाल आहे तोच आहे. विहीर तुमचीच." मामांच्या समोर टेबल नव्हतं, उंच खुर्ची नव्हती. शेवटी त्यांनी हात जोडले. "हुकूम द्यायला आलो नाही. विनंती करायला आलोय. त्याला बोलवा."

"पत्रिका घिऊन दोनदा त्येच्या दारापतुर गेलतो की," धाकटा हळूच म्हणाला. "कडी वाजवायचा धीर न्हाई झाला."

तेवढ्यात आतून नवरी मुलगी आली. तिनं गाडीकडे पाहिलं आणि बापाला काही न विचारता सरळ जाऊन दार उघडलं. "आबा, उतरा की. मांडव वाकडा घालाय लागल्यात ह्ये."

म्हातारा डोळे पुसत उतरला, आणि मेढी पाहताच ओरडला, "आरं, हितं कुटं रोवतोस? दार पूर्वंला पायजे!" धाकटाही तेवढ्याच मोठ्यानं ओरडला, "मला शिकवू नगंस!" बघता बघता दोघं कडाकडा भांडू लागले, आणि मग एकदमच मामांकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमीच सांगा!"

मामांनी माझा दंड धरला. "जावईबापू, गाडी काढा. लवकर."

पण चहा घेतल्याशिवाय आम्हाला कुणी सोडलं नाही. निघालो तेव्हा दोघं भाऊ रस्त्यापर्यंत आले आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले. मामा मागं वळून काचेतून बघत होते.

"कोर्टात एकजण हसत जायचा आणि एकजण रडत," ते म्हणाले. "आमच्याकडे वळून कुणी बघायचं नाही. बघावं असं काही नव्हतंच म्हणा."

रस्ता मोकळा होता, तरी मी गाडी सावकाश चालवली.