एस्थर हेपल आणि लीकवाल्याचं माफीपत्र

एस्थर हेपलला तुरुंगात टाकलं ही बातमी आमच्या गल्लीत मंगळवारी दुपारच्या चहाला आली, आणि दिवे लागेपर्यंत एस्थरला तीन वर्षांची शिक्षाही होऊन गेली. बातमी आणली समोरच्या डोरीन पॅलिस्टरने. तिचा भाचा कोर्टाच्या उपाहारगृहात बशा विसळतो. त्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एस्थर तळघरातल्या कोठड्यांकडे उतरली आणि पहारेकऱ्याने मागून दार लावून घेतलं. पुढचं सगळं डोरीनने स्वतःच्या हिमतीवर रचलं, आणि सांत्वनाला म्हणून एस्थरच्या आईकडे गरमगरम मटणाची पाई घेऊन गेली. आईने आधी पाई आत नेऊन ठेवली, मग बाहेर येऊन सांगितलं, "अगं, वकील आहे ना ती! रोज जाते कोठडीत. अशिलांना भेटायला. आणि रोज परत येते."

तर एस्थर बॅरिस्टर. फौजदारीतली, आणि तीही सगळ्यात खालच्या पायरीवरची. डोरीनला वाटतं, विग चढवायचा, झगा फडकवायचा, की झाली वकिली. प्रत्यक्षात एस्थर सकाळी सव्वासहाच्या बसमागे धावते. हातात चाकांची बॅग, बॅगेत झगा, घोड्याच्या केसांचा विग, कायद्याचं एक ठोकळ्याएवढं पुस्तक आणि त्याखाली चेपून पोळीसारखं झालेलं सँडविच. उद्या कुठल्या गावच्या कोर्टात उभं राहायचं, हे आदल्या संध्याकाळपर्यंत तिलाही ठाऊक नसतं. ते ठरवतो बॅझ, चेंबरचा, म्हणजे तिच्या वकिलांच्या सामायिक कचेरीचा कारकून. हा माणूस तिला 'मिस' म्हणतो आणि वागवतो सासूसारखा.

त्याच मंगळवारी पावणेसहाला बॅझचा फोन आला.

"मिस, उद्याचा टिंडल तुमच्याकडे. मोठ्या साहेबांचा खटला लांबलाय."

"टिंडल कोण?"

"लीकवाला. गुन्हा कबूल आहे, फक्त शिक्षा व्हायचीय. सोप्पं आहे."

बॅझ ज्याला सोपं म्हणतो, त्याच्या तयारीला एस्थर आधी दोन बिस्किटं जास्त घेते.

विल्फ टिंडल, वय एकोणसत्तर, निवृत्त बसचालक. इथे आमच्याकडे लीक ही काही नुसती भाजी नव्हे. कांद्याच्या या धिप्पाड बहिणीला माणसं पोटच्या पोरीसारखी वाढवतात, बिअर पाजतात, आणि सप्टेंबरात क्लबातल्या प्रदर्शनात नेऊन पट्टीने मोजतात. सलग चौथ्या वर्षी पहिलं बक्षीस शेजारच्या वाफ्याच्या नॉर्मन डॉड्सला गेलं, तेव्हा विल्फ फावडं उगारत त्याच्या मळ्यात शिरला. काचघर फोडलं, आतल्या लीकांचा भुगा केला, आणि नॉर्मनची बायको किंचाळत शेडमध्ये जाऊन लपली. एवढ्यावर वर्षभर आत जाता येतं.

बुधवारी कोर्टाच्या व्हरांड्यात एस्थरने त्याला गाठलं. "मिस्टर टिंडल, पिशवी आणलीत का? म्हणजे, आज इथूनच आत जावं लागलं तर?"

विल्फने पिशवी उघडून दाखवली. पायजमा, सपाता, दाढीचं सामान, बियांची दोन पाकिटं.

"बिया कशाला?"

"आत माती असेल की, पोरी." मग त्याचा आवाज उतरला. "माझं राहू दे गं. बायकोचं, आयनाचं, खुब्याचं हाड मोडलंय. तिला सकाळी पलंगावरून मी उठवतो. मी आत गेलो तर तिला कोण उठवणार?"

एस्थरने ते लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ ओढली. एवढ्यात त्याने कोटातून घडी घातलेला कागद काढला. "जजसाहेबांना माफीचं पत्र. तीन दिवस लागले लिहायला."

एस्थरने वाचलं. सुरेख होतं. नॉर्मनच्या बायकोला घाबरवलं याची लाज वाटते, काचा मी स्वतः बसवून देईन, त्या दिवसापासून घास गोड लागत नाही. तिचे डोळे पाणावले. तेवढ्यात शिपायाने नाव पुकारलं, आणि विग सरळ करायच्या गडबडीत तिने कागद उलटून पाहिला नाही.

न्यायाधीश ग्रीनशील्डबाईंनी पत्र वाचलं. मान डोलावली. मग कागद उलटला.

"मिस हेपल, मागच्या बाजूलाही मजकूर आहे."

बाई संथपणे वाचू लागल्या. "'ता.क. नॉर्मनची लीकं त्याने वाढवलेलीच नव्हती, त्याच्या भावाच्या वाफ्यातली होती. त्यांच्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की कोपऱ्यातली दोन राहिली.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्ही वाचलं होतंत?"

सरकारी वकील एकाएकी छताचं निरीक्षण करू लागला. आरोपीच्या पिंजऱ्यात विल्फ खूश दिसत होता, भाईबंदांत आपली कविता वाचली जावी तसा.

"नाही, युअर ऑनर," एस्थर म्हणाली. "आत्ताच ऐकलं." आणि मग, खोटं बोलायची सोयच उरली नसल्यामुळे, तिला खरं सुचलं. "पण पुढच्या बाजूला माणसं आहेत. घाबरलेली बाई, फुटलेल्या काचा. त्यांचा त्याला पश्चात्ताप आहे. मागच्या बाजूला फक्त भाजी आहे. जो माणूस भाजीबद्दलसुद्धा खोटी माफी मागत नाही, त्याने माणसांची मागितलेली माफी खरी धरावी, अशी माझी विनंती आहे. आणि घरी त्याच्या बायकोला सकाळी उठवायला दुसरं कुणी नाही."

बाईंनी बराच वेळ खाली मान घालून काहीतरी लिहिलं. खांदे मात्र हलत होते. शेवटी निकाल आला. आठ महिन्यांची शिक्षा, पण स्थगित. दोनशे तास बिनपगारी समाजकाम. आणि दोन वर्षं लीकच्या प्रदर्शनाच्या सभागृहात पाऊल टाकायचं नाही.

"दोन वर्षं!" विल्फ पिंजऱ्यातून ओरडला. "त्यापेक्षा आत टाका की!"

"माझे अशील आभारी आहेत," एस्थर घाईघाईने म्हणाली, आणि मागे वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने खाली बसला.

बाहेर पायऱ्यांवर मात्र त्याची टकळी पुन्हा सुरू झाली. "वकील कसली गं तू, पोरी? शाळेतलं पोरसुद्धा कागद उलटून बघतं. अख्ख्या कोर्टासमोर फजिती! आमच्या क्लबात सांगणार आहे मी, या बाईला मागचं पान वाचता येत नाही म्हणून."

एस्थरने विग बॅगेत कोंबला, चपटं सँडविच बाहेर काढलं आणि एक घास घेऊन म्हणाली, "जरूर सांगा, मिस्टर टिंडल. ते पान मी वाचलं असतं ना, तर माफीसकट अख्खा कागदच फाडून टाकला असता, आणि तुम्ही आत्ता त्या सपाता घालून आत बसला असता. आता जा घरी, आयनाबाई वाट बघत असतील."